रंभाबाईला दिलेला शब्द

मी, हैबतराव सखाराम ढमाले, वय ७६, राहणार माण, तालुका मुळशी, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. मला कोणी दटावलेले नाही. दटावणीला भिऊन जे केले ते कलम तीनमध्ये येईल.

१. राहते घर व मागची भाड्याच्या खोल्यांची इमारत मुलगा शेखर यास. अट एकच. त्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत रविवारी ख्रिस्ती मंडळींची प्रार्थना चालते. पास्टर निषाद साळवे ती चालवतील तोवर शेखरने खोली रिकामी करून मागू नये.

२. माझी पत्नी रंभाबाई हिचे मोठ्या अक्षरांचे बायबल मुलगी जया हिला. भाडेकरू नर्स सोनाली हिच्यासोबत रंभाबाई प्रथम त्या खोलीत गेली ती गुडघेदुखीसाठी. गुडघे तसेच राहिले, ती मात्र जात राहिली. दोन वर्षांनी बाप्तिस्मा घेऊन आली. मला बोटांवर मोजून सांगायची: देव एकच. शास्त्र हे त्याचे वचन. येशू आपल्या पापांसाठी वधस्तंभावर मेला नि तिसऱ्या दिवशी उठला. तो पुन्हा येईल, मेलेल्यांना उठवील. मग अंगठा धरून म्हणायची, "आन आवो, तारण कमवायचं नसतंय. त्यानं दिलंय. आपुन घ्यायचं."

मी म्हणायचो, "फुकाट मिळतंय त्यात खोट असती."

ती हसायची.

३. तिचे मागणे एकच होते. "मला जाळू नका. वरच्या वावरात पुरा." मी शब्द दिला.

गेल्या श्रावणात ती गेली. अंगणात भावकी जमली. धाकटा भाऊ जालिंदर म्हणाला, "दादा, वयनीला पुरलंस तर भावकीतला एकबी माणूस तुज्या दारात येनार न्हाई. नातीचं, पिंकीचं, लगीन कुटं करनार?" शेखर खाली मान घालून बोलला, "बाबा, मला ह्याच गावात ऱ्हायचंय." पास्टर फाटकाबाहेर उभे होते. त्यांना आत या म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

अग्नी मीच दिला. जालिंदरवर ढकलत नाही. हात माझा होता.

४. तेराव्यानंतर पास्टरांकडे गेलो, शिव्या खायला. ते म्हणाले, "काका, माती काय नि राख काय, उठवणारा उठवतोच. तुम्ही देवाकडे क्षमा मागा. मिळेल."

"त्या क्षमेच्या बदल्यात काय करू?"

"काहीच नाही, काका."

तिथेच मी अडकलो. शिव्या दिल्या असत्या तर सुटलो असतो. दंड सांगितला असता तर भरला असता. केल्याची फेड करायची नाही, हे मला पेलत नाही. तेव्हापासून रविवारी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून खालची गाणी ऐकतो. खाली उतरवत नाही, वर जाववत नाही.

जालिंदर विचारतो, "हितं का बसलायस?"

"वारा येतोय," म्हणतो.

५. वरच्या वावरातला माझ्या हिश्श्याचा तुकडा जयाला. तिला पटेल तेच तिने तिथे करावे, शेखरने आडवे येऊ नये. जालिंदरला क्षमा केली असे इथे लिहिणार होतो. तीनदा लिहून खोडले. तरी खांदा द्यायला आला तर त्याला अडवू नये.

६. माझ्या देहाविषयी. पास्टर म्हणतात, पुरायची सोय करू. नको. जी माती तिला दिली नाही ती मी घेणार नाही. मला जाळावे. तिची रक्षा मुळा नदीत जिथे सोडली तिथेच माझीही सोडावी. माझा विश्वास बसला की नाही, मला आजही सांगता येत नाही. पण ती म्हणायची ते खरे निघाले, तर उठल्या उठल्या मला तिची माफी मागायची आहे. जवळ असलो म्हणजे शोधत हिंडावे लागणार नाही.

वरील मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो.

(सही) हैबतराव सखाराम ढमाले

साक्षीदार:
१. (सही) डॉ. किमया वसंत दातीर
२. (सही) निरंजन बाळासाहेब जांभूळकर

माण, ता. मुळशी, जि. पुणे
दि. १९ जानेवारी २०२५