किसनचा कोर्स

रास अल खैमा
२ नोव्हेंबर २०२५

चि. संपदास,
मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

संपदा, आणि तुझ्यामार्फत दुबईच्या हॉटेलात जमणाऱ्या अकरा बेटांच्या डॉक्टर-नर्सबायांनो, तुमचं आणि आम्हा टाइल कारखान्याच्या कॅम्पवाल्यांचं दुखणं एकच आहे. ज्यांना जन्मात कधी गळू झालं नाही, ते आपल्याला पू पुसायला शिकवतात!

तुझ्या वर्कशॉपची पत्रिका ड्रायव्हर कमरुद्दीनने टाइल्सच्या ट्रकमधून आणून दिली. ‘बेट-राष्ट्रांत प्रतिजैविक-रोधाविरुद्ध प्रादेशिक क्षमता बांधणी’. हे शीर्षक ऐकूनच जंतू दमून मरतील, असा आयोजकांचा बेत दिसतो. जंतू औषधांना जुमानत नाहीत, एवढं सरळ सांगितलं तर बहुधा हॉटेल मिळत नसावं. तीन दिवस खायचं, भिंतीवरची चित्रं बघायची आणि प्रमाणपत्र घेऊन अशा बेटावर परतायचं, जिथे पू तपासायला यंत्र नाही. तुझ्यासारखी शहाणी मुलगी असल्या तमाशात वीस मिनिटं बोलणार, याची मला लाज वाटते.

बाकी क्षेम. आमच्या खोलीतल्या किसनची नडगी पुन्हा फुगली आहे. सप्टेंबरात भट्टीवर टाइल लागली, तेव्हा मीच दुभाषा म्हणून दवाखान्यात गेलो होतो. जखम सुकली होती, आता परत पू धरला. जास्त पॉवरची एखादी गोळी असेल तर नाव कळव. लोभ असू दे, भाषण नको. भाषणं करायला मी आहे.

तुझा,
भिकाजीमामा

अल मनखूल, दुबई
४ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पॉवरची गोळी असं काही नसतं, मामा. कपाटभर पुस्तकं वाचलेल्या माणसाने हे विचारावं, याची मला लाज वाटली. म्हणजे आपली फिट्टंफाट.

वर्कशॉपबद्दल तुमचं अर्धं खरं आहे. स्लाइड्स मी पाहिल्यात. जिथे तिथे ‘रुग्ण अडाणी’, एवढाच सूर. पण येणाऱ्या माणसांना हसू नका. लुसिया नावाची एक नर्स आहे, तिच्याशी माझं फोनवर बोलणं झालं. तिच्या बेटावरून सॅम्पल बोटीने दुसऱ्या देशात जातं. रिपोर्ट येईपर्यंत पेशंट एकतर घरी गेलेला असतो, नाहीतर पुरलेला. तोवर ती अंदाजाने औषध देते. तिला प्रमाणपत्र नकोय. सगळ्या बेटांनी मिळून जवळच्या एका बेटावर एक चांगली लॅब चालवावी आणि ती चालवायला त्यांचीच माणसं तयार व्हावीत, हे मांडायला ती येतेय. क्षमता बांधणी म्हणजे खरं तर एवढंच.

किसनभाऊंना उद्याच कमरुद्दीनचाचांबरोबर आमच्या हॉस्पिटलला पाठवा. आधी किती दिवस गोळ्या घेतल्या, तेही लिहा. गावी मामींना मी फोन करते, पण तुमच्या पॉवरच्या गोळीचं त्यांना सांगत नाही. माया करता तशीच करत राहा.

आपली,
संपदा

रास अल खैमा
५ नोव्हेंबर २०२५

चि. संपदास,
अ. आ. वि. वि.

किसन या पत्रासोबत येत आहे. ट्रकमध्ये पाय लांब करून बसवला आहे. हा माणूस भट्टीसमोर आठ तास उभा राहतो. पाय गेला तर काम गेलं, आणि काम गेलं की व्हिसा खलास, एवढं तुझ्या सर्जनला सांग.

गोळ्या किती घेतल्या ते त्यालाच विचार. पण त्या दवाखान्याचा नमुना तुला कळायला हवा. गोळ्यांचं पाकीट हातात देताना डॉक्टर मला इंग्रजीत घाईघाईने बजावतो की कोर्स कम्प्लीट पाहिजे. मी लगेच ओळखलं! सेफ्टी कोर्स केला नव्हता म्हणायचं आणि अपघाताचं खापर मजुराच्या डोक्यावर फोडायचं. मी किसनचं सेफ्टी कार्ड टेबलावर आपटलं आणि ठणकावलं की कोर्स कधीच पूर्ण झाला आहे, मीच मराठीतून शिकवला आहे. डॉक्टरने पुढचा पेशंट बोलावला. बाहेर आल्यावर किसनलाही सांगितलं की कोर्स पूर्ण आहे, तू निर्धास्त राहा.

असल्यांची जिरवावी लागते. कळावे, आणि कळत राहावे.

तुझा,
भिकाजीमामा

अल मनखूल, दुबई
११ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरची जिरवलीत खरी, पण कुठे जिरली ते वाचा.

सात दिवसांच्या गोळ्या होत्या. तिसऱ्या दिवशी जखम सुकल्यावर किसनभाऊंनी त्या बंद केल्या. का, म्हणून विचारलं, तर म्हणाले की मामांनीच कोर्स पूर्ण आहे म्हणून सांगितलं होतं. मला आधी हसू आलं, मग आलं नाही. उरलेल्या गोळ्या त्यांनी डब्यात ठेवल्या. ऑक्टोबरात पाय ठणकला तेव्हा दोन दिवस त्यातल्याच घेतल्या, आणि दोन घसा दुखतो म्हणून तुमच्या खोलीतल्या अनिलला दिल्या. दुखणं दबलं, पू आत उतरत राहिला.

रिपोर्ट आला. चार औषधं तपासली, त्यांतल्या तीन औषधांना जंतू जुमानत नाहीत. ते मुळातच तसे होते की अर्धवट गोळ्यांनी झाले, हे रिपोर्ट सांगत नाही, मीही सांगणार नाही. पण महिना वाया गेला आणि पू हाडाला लागला. चौथं औषध इंजेक्शनने चालू आहे. शनिवारपर्यंत उतार पडला नाही तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, असं सर्जन म्हणाले. किसनभाऊ अजून तुमचंच कौतुक करतात, मामा. मला ते ऐकवत नाही.

आज वर्कशॉप सुरू झालं. पहिल्याच तज्ज्ञाने ‘रुग्ण सूचना पाळत नाहीत’ म्हणून तक्ता दाखवला. लुसिया उठली. सूचना कुणाच्या भाषेत दिली होती, एवढंच तिने विचारलं. तज्ज्ञ पाणी प्यायले. माझी वीस मिनिटं गुरुवारी आहेत. काय बोलू ते सुचत नाही. रागावले असले तरी तुमचीच,

संपदा

रास अल खैमा
१२ नोव्हेंबर २०२५

चि. संपदास,
आशीर्वाद. ते द्यायचा अधिकार उरला असेल तर. वि. वि.

पत्र कमरुद्दीनसमोरच उघडलं. मी तीच ओळ परत परत वाचू लागलो, तेव्हा घरी सगळं ठीक आहे ना, म्हणून त्याने दोनदा विचारलं.

त्या तज्ज्ञाला मी हसलो. पण तो निदान अनोळखी माणसाला अडाणी म्हणतो. मी माझ्याच खोलीतल्या माणसाची जीभ झालो होतो, आणि त्या जिभेने त्याचं औषध अडवलं. डॉक्टर औषधाचं बोलत होता, मला आरोप ऐकू आला. तीस वर्षं टाळ्या घेतल्या की कान असेच होतात. आणखी एक शब्द विचारायचा होता, कशाचा कोर्स? तो विचारला नाही, कारण मला सगळं समजतं, असा माझा लौकिक होता. अनिलला हे सगळं मी स्वतः सांगितलं आहे. शनिवारी तिकडे येतो आणि किसनला तोंडाने सांगतो. पुढे त्याने लोभ ठेवावा की थुंकावं, तो त्याचा प्रश्न.

तुझ्यापुढे मात्र अकरा भाषांची माणसं बसली आहेत. त्यांच्या प्रत्येक दवाखान्यात माझ्यासारखा एक हुशार दुभाषा असेलच. म्हणून उद्या वीस मिनिटांत तक्ता दाखवू नकोस. ही गोष्ट सांग, आणि ‘एक दुभाषा’ म्हणून मला झाकू नकोस. उभी राहा, माझं पूर्ण नाव घे, तू माझी भाची आहेस हेही सांग, आणि माझं पाच तारखेचं पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाच.

भिकाजीमामा