पालागियाची जागा

मी, उस्तिनिया एरेमेय कॉन्द्रात, वय सहासष्ट, राहणार स्ताराया वोदा, डॅन्यूबच्या मुखाशी, पूर्वीचा धंदा वल्हवणे, हल्लीचा धंदा खिडकीत बसणे, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, हात अजून थरथरत नाही आणि हा कागद लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला घरात कोणी असावे लागते. येत्या गुरुवारी बुखारेस्टला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "आजी, अशी ऑपरेशनं आम्ही रोज करतो." मी म्हटलं, "मी रोज करून घेत नाही ना." यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि हेच शेवटचे समजावे.

कलम १. राहते घर, मागची वाफेची न्हाणी आणि धक्का हे सगळे माझा भाचा साव्वा याला द्यावे. तो इटलीत तोरिनोला फरश्या बसवतो. दर ईस्टरला त्याचा फोन येतो. "आत्या, तब्येत काय म्हणते?" असं विचारतो आणि मी सांगायला लागले की फोन बायकोच्या हातात देतो. तिला आपली भाषा येत नाही, मला तिची येत नाही, मग आम्ही दोघी थोडा वेळ हसतो. तरी रक्ताचा तोच एक उरलाय. अटी दोन. बोरूचे छप्पर काढून पत्रा घालायचा नाही आणि खिडक्या निळ्याच ठेवायच्या. लागोपाठ दोन उन्हाळे तो आला नाही तर घर देवळाकडे जावे. मला वाटतं ते देवळाकडेच जाईल.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून मी गेल्यानंतरचे चाळिसाव्या दिवसाचे जेवण घालावे. माशांचा रस्सा मोठ्या हंड्यात करावा, आणि तोही चुलीवर. उरलेल्या पैशांतून जिल्ह्याच्या क्रीडाभवनातला माझा फोटो सरळ करून घ्यावा. तो उलटा छापलाय. मी जन्मभर डाव्या बाजूचं वल्हं ओढलं आणि त्या भिंतीवर एकवीस वर्षं उजव्या बाजूचं ओढतेय. तीन पत्रं लिहिली. साहेबांचं उत्तर आलं, "बाई, लोकांना फरक कळत नाही." मला कळतो. मेल्यावरसुद्धा कळेल.

कलम ३. उन्हाळी स्वयंपाकघरातले वल्हवायचे यंत्र ज्याला उचलून नेता येईल त्याने न्यावे. गेल्या फेब्रुवारीपर्यंत मी त्यावर रोज बसत होते. समोर भिंत, भिंतीवर कांद्याच्या माळा. आठजणींच्या होडीत बसलेल्या बाईला एकटीने वल्हवणं काय असतं ते सांगून कळत नाही. आठ पाठी एकदम वाकतात तेव्हा आपण कोण ते आठवत नाही, आणि मला ते फार आवडायचं. त्या आठांतल्या तिघी गेल्या, दोघी स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करतात, बाकीच्यांचे पत्ते माझ्याकडे नाहीत.

कलम ४. अंत्यविधी. पेटीत पांढरे कपडे शिवून ठेवलेत, त्यावर आईने विणलेला पट्टा बांधावा. राष्ट्रध्वज नको, भाषण नको. स्मशानाकडे जाताना शवपेटीच्या होडीला मोटर लावायची नाही. चार बायकांनी वल्हवावी. गावात चार बायका निघाल्या नाहीत तर दोन चालतील.

कलम ५. ऑलिंपिकचे सुवर्णपदक. हे पालागिया माकार झाखारोव हिला द्यावे. ती कालव्यापलीकडे राहते. आम्ही एकाच वर्षी जन्मलो, एकाच होडीतून शाळेत गेलो, आणि एकाच दिवशी आम्हा दोघींना तुल्चा शहरातल्या वल्हवण्याच्या क्लबवाल्यांनी उचललं. हे कलम मी मेल्यावर तिला वाचून दाखवावे. कारणही इथेच लिहिते.

ऑलिंपिकच्या वर्षी, वसंतात, आठजणींच्या होडीत सात जागा ठरल्या होत्या आणि एक उरली होती. तिच्यासाठी आम्ही तिघी होतो: पालागिया, डोंगराकडची वालेरिया आणि मी. आमचे प्रशिक्षक ओक्तावियान द्रागू कोणाचं तोंड बघून जागा देत नसत. दोन होड्या, प्रत्येकीत चौघी. एक शर्यत लावायची. मग पाण्यातच होड्या एकमेकींना चिकटवून दोघींची अदलाबदल करायची आणि तीच शर्यत पुन्हा. बाकी काही बदललेलं नाही, म्हणजे फरक पडला तो त्या दोघींमुळे. यात लबाडी करता येत नाही असं ते म्हणत.

त्या दिवशी पालागिया आणि वालेरिया यांची अदलाबदल होती. जिंकेल तिची दुसऱ्या दिवशी माझ्याशी. वालेरियाला मी हरवू शकत होते. पालागियाला मी जन्मात कधी हरवलं नव्हतं, अगदी शाळेच्या वाटेवरसुद्धा. पहिल्या शर्यतीत वालेरिया माझ्या होडीत होती, दुसऱ्या शर्यतीत पालागिया आली आणि माझ्या मागे बसली. मी तिला म्हटलं, "चल गं, दाखवू त्यांना." आणि मी ओढलं नाही. वल्हं सगळ्यांबरोबर पाण्यात गेलं, सगळ्यांबरोबर बाहेर आलं, फक्त त्यावर माझा भार नव्हता. काठावरून ते दिसत नाही. होडी दोन सेकंदांनी मागे पडली. द्रागू म्हणाले, "झाखारोव, तू बसलीस की होडी जड होते." दुसऱ्या दिवशी मी वालेरियाला हरवलं. पुढचं सगळं वर्तमानपत्रात आहे.

पालागिया गावी परतली, मासेमारीला लागली. गाव म्हणालं, "हिला खाडीचं पाणी मानवतं, शहराचं नाही." तिने लग्न केलं, नवरा पुरला, नातवंडं वाढवली. मी परतले तेव्हापासून दर शुक्रवारी ती धक्क्यावर मासा ठेवते, दोन शब्द बोलते आणि जाते. चाळीस वर्षं होऊन गेली. माझ्या हातून दुसऱ्या कोणाचं इतकं मोठं नुकसान झालं नाही, आणि इतक्या वर्षांत माझ्या दारात नेमाने येणारंही तिच्याशिवाय कोणी नाही.

साक्षीदारांविषयी. नोटरी म्हणाला, स्वहस्ते लिहिलं तर साक्षीदार लागत नाहीत. पण पंचांशिवाय मी कधी शर्यत केली नाही. ज्याला काही मिळायचं आहे त्याने साक्षीदार होऊ नये एवढं मलाही कळतं. म्हणून पोस्टमन फेओफान आणि आमचे पाद्री असे दोघे ठरवले.

ताजा कलम, त्याच दिवशी. वाऱ्यामुळे पाद्र्यांची होडी तुल्चाहून निघाली नाही. फेओफान सही करून बसला होता, तेवढ्यात पालागिया मासा घेऊन आली. फेओफानच्या तोंडात तीळ भिजत नाही. "मृत्युपत्र चाललंय, दुसरा साक्षीदारच नाही," तो म्हणाला.

"मग मी करते की सही."

मी कागदावर हात ठेवला. "तुला नाही करता यायची. तुला काही ठेवलंय मी."

"मग तर वाचलंच पाहिजे. हात काढ, उस्का. फेओफान, जा, तुझी होडी सुटलीय का बघ."

तिने उभ्यानेच वाचलं. बुटांतून पाणी निथळत होतं. वाचून झाल्यावर म्हणाली, "मी तुझ्या मागे बसले होते ना गं. ओढतेस तेव्हा तुझ्या पाठीला एक खळी पडते. त्या दिवशी नाही पडली."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दहा वल्ह्यांतच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मी कशाला बोलू? केलंस तू. दर शुक्रवारी यायचे ते काय, तुला मासे मिळत नाहीत म्हणून? म्हटलं, आज बोलेल. आज नाही तर पुढच्या शुक्रवारी. आणि शेवटी बोललीस कोणाला, तर कागदाला! तेही स्वतः मरून गेल्यावर!"

"पदक तरी घे."

"काय करू घेऊन, माशांना दाखवू? मला जागा हवी होती. ती आता तुझ्याकडे नाही." मग ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "सांग. तोंडाने सांग."

मी सांगितलं. चाळीस वर्षं उराशी धरलेली गोष्ट चार वाक्यांत संपली. मी क्षमा मागितली. तिने पेन मागितलं. सही केलीस तर पदक मिळणार नाही, असं मी तिला पुन्हा सांगितलं. "ऐकू येतं मला," ती म्हणाली. म्हणून कलम ५ मधले पदकाचे दान रद्द. मजकूर मात्र खोडलेला नाही. पदकाचे काय करायचे ते ठरलेले नाही.

सही: उस्तिनिया एरेमेय कॉन्द्रात
स्थळ: स्ताराया वोदा
दिनांक: १३ ऑक्टोबर २०२३, शुक्रवार

साक्षीदार १: फेओफान इवानोव, पोस्टमन. मजकूर वाचलेला नाही.

साक्षीदार २: पालागिया माकार झाखारोव. मजकूर वाचला. नंतर उस्तिनियाने तो माझ्यासमोर बसून स्वतःच्या तोंडाने सांगितला. मी ऐकला.