सायकलवाल्या मुलाची चौकशी

गुरुजी, तुम्ही गेलात तेव्हा मी तालुक्याला पॉलिटेक्निकच्या वसतिगृहात होतो. आता तुमच्या शेवटच्या वयाच्या जवळ आलो आहे आणि तुमच्याशी बोलायचं धाडस आत्ता कुठे होतंय. डोळ्यांपुढे अजून तोच दिवस येतो: शनिवारची सकाळची शाळा आहे, प्रार्थना नुकतीच झाली आहे, आणि तुम्ही मला समोर बोलावता. आदल्या संध्याकाळी माझे वडील पिठाच्या गिरणीच्या कट्ट्यावर पिऊन पडले होते हे गावाला माहीत आहे, वर्गालाही आहे. तरी तुम्ही विचारता, "काल तुझा बाप कुठं झोपला होता? शेवटच्या ओळीला ऐकू जाईल असं सांग." मी सांगतो. मागच्या ओळीतला एक जण विचारतो, पीठ होऊन आला का रे घरी, आणि वर्ग हसतो. मी रडायला लागतो तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणता, "खोटं बोललास का? नाही ना? मग रडतोस कशाला? खरं आहे ते चारचौघांत सांगायला कसली लाज." त्याच संध्याकाळी तुम्ही मला देवळात नेलंत आणि स्वतःच्या हाताने माझ्या गळ्यात तुळशीची माळ घातलीत. त्यानंतर वडील शाळेवरून कधी गेले नाहीत. बाजाराला जायचं तर ओढ्याकडून लांबचा वळसा घालून जायचे. दारू मात्र सुटली नाही. तुम्ही तिकडे बघितलंही नाही, तुमचं काम माझ्याशी होतं.

मी इकडे ब्रिस्टलला विमानांच्या कारखान्यात आलो, इथेच स्थिरावलो. रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतो, दारूला शिवत नाही, ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीत संत्र्याचा रस घेऊन कोपऱ्यात उभा राहतो. मुलगी इथेच वाढली. गेल्या वर्षी तिने एक मुलगा पसंत केला, तोही आपल्यातलाच. शेजारच्या काउंटीत, डोंगराळ भागात, चीजच्या कारखान्यात केमिस्ट. वडील तिथल्या लहान हॉस्पिटलात डॉक्टर होते, ते वारलेले. घरी आई. आमच्या मराठी मंडळात त्याचं केवढं कौतुक: एवढा शिकलेला, पण गाडी ठेवत नाही, पावसापाण्यात सायकलने कामाला जातो. मला ते कौतुक पचेना. त्या भागात बस दिवसातून जेमतेम दोनदा येते. अशा ठिकाणी तरुण माणूस गाडी ठेवत नाही म्हणजे एकतर ऐपत नाही किंवा लायसन्स नाही. ऐपत तर होती.

आपल्याकडे मुलाची चौकशी कशी करायची ते मला ठाऊक होतं. वाण्याला विचारायचं, न्हाव्याला विचारायचं, शेजारच्या घरी पाणी मागून दोन गोष्टी काढून घ्यायच्या. इथे कुणाच्या दारात उभं राहून पाणी मागणार? पण इथे कोर्ट आहे, आणि कोर्टात जे होतं ते कुणालाही विचारता येतं. रजा काढून मी त्या मुलाच्या भागातल्या बाजाराच्या गावी गेलो. मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, खटला उघड्या कोर्टात चालला असेल तर निकाल सांगता येईल, पण नाव आणि तारीख आणा, नुसत्या नावावर आम्ही शोधत बसणार नाही. मग तारीख शोधायला लायब्ररीत गेलो. काउंटीच्या साप्ताहिकाचे जुने अंक तिथे बांधून ठेवलेले असतात. एका म्हाताऱ्या लायब्रेरियनने ते ओझं माझ्यापुढे आणून ठेवलं आणि आपुलकीने विचारलं, घराण्याचा इतिहास शोधताय वाटतं? मी म्हटलं, घराण्याचाच, पण पुढचा. तो हसला आणि माझ्यासाठी टेबलावरचा दिवा लावून गेला.

त्या साप्ताहिकात कोर्टाचं एक पान असतं. शेजाऱ्याच्या शेतात मेंढ्या सोडणारा, टीव्हीचं लायसन्स न काढणारी, पबच्या दारात मारामारी करणारे, सगळे नावानिशी, वयानिशी, राहत्या रस्त्यासकट. गुरुजी, तुम्हाला ते पान आवडलं असतं. पहिल्या गठ्ठ्यात काही नव्हतं. दुसऱ्यात त्या सगळ्या इंग्रज नावांमध्ये आपलं एक आडनाव बसलेलं दिसलं. दारू पिऊन गाडी चालवली, गाडी कुंपणात घातली, श्वासात किती सापडली, लायसन्स किती काळ गेलं, सगळं होतं. शेवटी एक वाक्य होतं, की त्याच आठवड्यात आरोपीच्या वडिलांचा अंत्यविधी झाला होता, असं वकिलाने कोर्टाला सांगितलं. ते वाक्यही मी वाचलं. पण गिरणीच्या कट्ट्यावर का झोपलास, हे तुम्ही माझ्या वडिलांना कधी विचारलं नव्हतं. मी पानाची फोटोकॉपी काढली, तारीख घेऊन कोर्टाच्या खिडकीवर परत गेलो. बाईंनी आत जाऊन पाहिलं आणि येऊन म्हणाल्या, बरोबर आहे. चौकशी पूर्ण झाली.

बायकोला मी काही सांगितलं नाही. मुलीलाही नाही. ठरल्याप्रमाणे रविवारी आम्ही तिघं त्यांच्याकडे गेलो. त्याच्या आईने कांदेपोहे केले होते, मोठ्या कौतुकाने नारळ खवून घातला होता. त्यांच्या बोलण्यात सारखा मुलगाच. त्या नवऱ्याच्या अस्थी घेऊन भारतात गेल्या, भावाकडे काही महिने राहिल्या, आणि परत येऊन बघतात तर यानं गाडी विकलेली. "मला म्हणतो, आई, आपण या पृथ्वीचं वाटोळं केलंय. आमचे हे असते तर किती खूश झाले असते." मुलगा खाली बघत होता. मी खिशातून कागद काढला, उलगडला आणि त्यांच्या बशीजवळ ठेवला.

त्यांनी चष्मा लावला. इंग्रजी त्या सावकाश वाचायच्या, ओळीवर बोट ठेवून. मुलगा म्हणाला, "काका, मी सांगणार होतो तिला."

"कधी? सप्तपदी झाल्यावर?"

माझी बायको माझं नाव घेत नाही, पण तेव्हा तिच्या तोंडून ते निघालं. त्या बाईंचं बोट तोवर शेवटच्या वाक्यापर्यंत गेलं होतं आणि तिथेच थांबलं होतं. मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "हे कुणाकुणाला माहीत आहे?"

मी म्हणालो, "बाई, पेपरात आलंय. सगळ्या काउंटीला माहीत आहे. तुम्ही सोडून."

त्या उठल्या, आत गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ चालूच राहिला. मुलगा आत गेला तर त्यांनी त्याला बाहेर घालवलं. आम्ही निघालो तेव्हा निरोप द्यायला दारापर्यंत कुणी आलं नाही.

परतीच्या वाटेवर मुलगी मागच्या सीटवर होती. मी तिला समजावत होतो, की बाप म्हणून हे माझं कर्तव्यच होतं, उद्या संसारात कळलं असतं तर काय केलं असतंस. तिने सगळं ऐकून घेतलं. तिचं मराठी मोडकंतोडकं, तुमच्या शाळेत एक दिवस टिकली नसती. ती म्हणाली, "त्याने मला पहिल्याच आठवड्यात सांगितला होता, बाबा. सगळा. रडला होता. तेव्हापासून पीत नाही." आणि मग म्हणाली, "तुम्ही सगळ्या काउंटीला विचारला. मला नाही विचारला."

खरंच नव्हतं विचारलं. चौकशीत मुलीला विचारायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि माझ्या मनातही आलं नाही.

मला वाटलं होतं, नकार मी देईन. तो त्यांच्याकडून आला. आठवड्याने त्या बाईंचा माझ्या बायकोला फोन आला. मुलीबद्दल काही तक्रार नाही, लेकीसारखीच आहे, पण त्या माणसाचं तोंड मला पुन्हा बघवणार नाही, व्याही म्हणून तर नाहीच. मुलाला आईला एकटं टाकता आलं नाही आणि माझ्या मुलीने त्याला ते करायला सांगितलं नाही. तिने ग्लासगोला नोकरी धरली. मी कामावर असतो त्या वेळी ती आईला फोन करते.

तुमच्या मुलाचा पत्ता माझ्याकडे आहे. त्याला हे सगळं लिहून पाठवता येईल, यात एक शब्द खोटा नाही. पण तोही चष्मा लावून बसेल आणि सावकाश वाचेल. नको. तुम्हालाच एक विचारायचं होतं, मी वर्गासमोर रडत होतो तेव्हा तुम्हाला आतून कसं वाटत होतं. मला माझं सांगता येईल. त्या बाई बोट ठेवून वाचत होत्या तेव्हा मला फार बरं वाटत होतं, गुरुजी. त्यांचं वाचून होईपर्यंत मी माझी बशी संपवली. पोहे चांगले झाले होते.