युरेनस ओलांडेपर्यंत

मोंतान्य ब्लांश, मॉरिशस
१६ डिसेंबर १९८५

ती. यशपालदादास,
इंद्राणीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि कॅनबेराच्या मोठ्या अँटेना-तबकडीचा फोटो मिळाला. बापूंनी तो शनिवारी देवळातल्या मराठीच्या वर्गात फिरवला. ज्या यानात माणूसच नाही, त्याची खुशाली माझा मुलगा रोज ऐकतो, असं त्यांनी पोरांना सांगितलं. फोटोत तू तबकडीखाली मुंगीएवढा दिसतोस. आई म्हणते, तिकडे धड जेवायला मिळत नसावं.

आता खरं लिहिते. हे पत्र बापूंपासून लपवून, स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. त्यांचा खोकला साधा नाही. दोन्ही फुप्फुसं गेली आहेत, फेब्रुवारी दिसेल असं वाटत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बापू दिवसभर व्हरांड्यात बसतात आणि रस्त्यावर मोटार थांबली की कोण उतरलं ते विचारतात. पण तुला कळवायला मला साफ मनाई आहे. चोवीस जानेवारीला यान युरेनसपाशी पोचणार, तोवर यशपालला हलवायचं नाही, हा त्यांचा हुकूम.

मला हे पटत नाही दादा. युरेनस कुठे पळून जात नाही. मिळेल त्या विमानाने ये.

आमच्यावर आहे तेवढी माया ठेव.

तुझी
इंद्राणी


कॅनबेरा
३ जानेवारी १९८६

ती. आईस,
यशपालचा साष्टांग नमस्कार.

मंगळवारी इंद्राणीचं पत्र आलं. पाकीट फोडलं तर वर श्री नव्हता. आजवर प्रत्येक पत्राच्या माथ्यावर बापूंच्या हातचा श्री असायचा, खाली मजकूर कुणाचाही असो. तो नाही म्हटल्यावर मला कळायचं ते कळलं. माझ्या नावापुढे नजर गेलीच नाही. श्री नसलेलं पत्र माणूस गेल्याचं, ते घरात ठेवायचं नसतं, हे बापूंनीच वर्गात शिकवलेलं. मी ते तसंच फाडलं आणि कामाच्या तळावरून परतताना ओढ्यात सोडलं. वाचायचा धीर झाला नाही. ते कसे गेले ते भेटल्यावर तूच सांग.

तार केली नाही म्हणून इंद्राणीवर रागावू नकोस. परक्या देशात एकट्या माणसाला तार करू नये, असं बापूच म्हणायचे.

मी मुंडण केलं आहे, जमिनीवर निजतो, एक वेळ जेवतो. इथल्या लोकांना वाटलं उकाड्यामुळे केस काढले. तेरावा झाला की सांगेन. चार वर्षांपूर्वी शनीपाशी या यानाच्या कॅमेऱ्याची मान अडकली, तेव्हा बापूंनी देवळात नारळ ठेवला होता आणि मी पत्रातून त्यांची थट्टा केली होती. ती थट्टा आता फार टोचते.

रजा मागितलेली नाही. बापूंना या युरेनसचं केवढं अप्रूप होतं, तेवढं काम पार पाडतो. घाईने येऊन आता कुणाला भेटणार?

तुझा हात माझ्या डोक्यावर असू दे.

तुझा
यशपाल


मोंतान्य ब्लांश
६ फेब्रुवारी १९८६

ती. दादास,
शि. सा. न.

हे पत्र पूर्ण वाच. मधे थांबू नकोस.

तुझं पत्र आलं तेव्हा बापू जिवंत होते. कोरा कागद नेहमी तेच श्री काढून माझ्या हातात द्यायचे. मी त्यांच्यापासून लपवून लिहायला बसले आणि श्री काढायचा असतो हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आजवर तो मला कधी काढावाच लागला नव्हता.

तुझं पत्र मी नेहमीसारखं व्हरांड्यात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. आपल्याकडे पत्र असंच वाचतात. दोन ओळींनंतर मी अडखळले, तर बापूंनी पुढे वाच म्हणून खूण केली. मुंडणाची ओळ त्यांनी दोनदा वाचायला लावली. मग हसले, इतके की धाप लागली. पोराने सगळं शिस्तीत केलं, म्हणाले. नंतर भिंतीकडे तोंड करून बराच वेळ पडून राहिले. आई तुला तार करायला उठली, तर तिला बसवलं. म्हणाले, तो एकदा रडून मोकळा झालाय, यान युरेनस ओलांडेपर्यंत त्याला सांगायचं नाही. आम्हा दोघींकडून वचन घेतलं.

चोवीस तारखेला शुक्रवार होता. संध्याकाळी हरिलालच्या लाबुतिकमधल्या टीव्हीवर बातमी होती. त्या दुकानापर्यंत बापूंना खुर्चीसकट उचलून नेलं. निळसर हिरवा गोळा दिसला. यावर डाग नाही, पट्टे नाहीत, यशपालला बघायला काहीच नाही, म्हणून हळहळले. घरी आल्यावर म्हणाले, आता बोलवा. शनिवारी सुट्टी होती, पोस्ट सोमवारी उघडणार होतं. रविवारी पहाटे ते गेले.

तार केली नाही दादा. कशाची करणार? तुला तर आधीच माहीत होतं.

आई माझ्याशी बोलते, पण माझ्याकडे बघत नाही. शेवटच्या दोन दिवसांत बापूंनी तीनदा विचारलं, विमानाला किती तास लागतात.

जमलं तर माझ्यावर लोभ ठेव. माझा तसा हक्क राहिला नाही.

इंद्राणी


कॅनबेरा
२२ फेब्रुवारी १९८६

चि. इंद्राणीस अनेक आशीर्वाद.

पूर्ण वाचलं. आईला सांग, तुझ्याकडे बघ. तू मला वेळेवर बोलावलं होतंस, दीड महिना आधी. फाडलं ते मी.

युरेनसपाशी यानातून निघालेला संदेश आमच्यापर्यंत यायला पावणेतीन तास लागतात, आणि येईतो इतका क्षीण होतो की अर्धं ऐकू येतं, अर्धं नाही. चित्र तुटक आलं तर आम्ही यानाला ते पुन्हा पाठवायला सांगतो. जानेवारीत मी हेच करत होतो. तीनशे कोटी किलोमीटरवरच्या यंत्राचं वाक्य तुटलं, तरी अंदाजाने पुरं करायचं नाही, परत विचारायचं, यासाठी मला इथे ठेवलं आहे.

तुला मात्र परत विचारलं नाही. एका ओळीचं पत्र पुरलं असतं.

माझे केस बोटभर वाढले होते. काल पुन्हा काढले. या वेळी कुणी उकाड्याचं बोललं नाही.

नऊ मार्चला प्लेझांसला उतरतो. विमानतळावर कुणी येऊ नका. आईला आधी विचारून ठेव, मी व्हरांड्यातून आत आलेलं तिला चालेल का.

तुझा
यशपाल