मधल्या मुलुखाचे भाले

ता. ४ मार्च

चि. धाकटीस,

दादाचे आशीर्वाद. पत्र पोचलं. तिकडच्या हॉस्पिटलात तुला दिवसपाळी मिळाली हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे आम्ही दोघं ठणठणीत. तुझी भिंगरी शाळेत रमली. पहिले आठ दिवस "आई कधी येणार?" चालू होतं, आता "मामा, पुढे काय?" चालू आहे. दोन वर्षं म्हणजे काय, हां हां म्हणता जातील. पोरीला सांभाळतो म्हणालो ते काही तोंडदेखलं नव्हतं. तू निर्धास्त राहा.

"पुढे काय" म्हणजे आमचा देश. हसू नकोस! छापखाना बंद झाल्यापासून दर रविवारी मास्तर येतात आणि आम्ही टेबलावर लढाया खेळतो, हे तुला माहीत आहेच. बोटाएवढे शिशाचे सैनिक, दोन फासे, एक फूटपट्टी. पण मास्तरांनी जन्मभर इतिहास शिकवलेला, त्यामुळे खेळण्यापेक्षा माझ्या चुका काढण्यात त्यांना जास्त गोडी. "या शतकात रिकीब नव्हती." "ही ढाल दोनशे वर्षं नंतरची." एका रविवारी घोडेस्वारांवरून अशी जुंपली की ते चहा अर्धा टाकून गेले. मग मी म्हटलं, खड्ड्यात गेला तो इतिहास, आपण आपलाच मुलूख काढू. काळ तोच. मोठं साम्राज्य कोसळून शंभर वर्षं झालेली, दगडी रस्ते उखडलेले, पूल बांधायची अक्कल कोणाला उरलेली नाही, आणि ज्याच्याकडे शंभर भाले तो राजा. पण नकाशा आमचा. आता काढा म्हणावं चुका!

देश रचायला बसलं की लोक आधी राजा ठरवतात. तिथेच फसतात. आधी पाणी, मग मीठ, मग राजा. नदी कुठून जाते ते ठरलं की गावं आपोआप बसतात, आणि मीठ कुठे पिकतं ते ठरलं की भांडण आपोआप लागतं. आमची नदी खिडकीकडच्या कोपऱ्यातून निघते आणि दाराकडे खाडीला मिळते. वर डोंगरवाले, त्यांच्याकडे लोखंड. खाली खाडीवाले, त्यांच्याकडे मीठ. मधला सपाट पट्टा कोणाचाच नाही, म्हणून सगळ्यांना हवा. त्याचं नाव भिंगरीने ठेवलं, मधला मुलूख. वर कायदाही केला बाईसाहेबांनी: युद्ध चाळीसच दिवस. मग कापणी येते, तेव्हा राजाने डोळे वटारले तरी सैनिकांनी घरी जायचं. मास्तर म्हणाले, "ही माझ्या वर्गात असती तर मी निवृत्त झालो नसतो." आठ वर्षांची पोर ती. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू.

शिशाचं म्हणशील, तर जाताना तू बजावलंस ते पक्कं ध्यानात आहे. शेगडी, साचे, शिसं, सगळं मागच्या खोलीत. खोलीला कुलूप आणि किल्ली माझ्या खिशात. ती फक्त रंगवून झालेले सैनिक मांडते. नर्स झालीस म्हणून सगळ्या जगाला पेशंट समजू नकोस.

जेवण जरा कमी झालंय तिचं. तू तरी त्या वयात कुठे जेवायचीस? ताटावर बसून भिंती मोजायचीस.

तुझा,
दादा


ता. २२ एप्रिल

चि. धाकटीस,

आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला, राग मानू नकोस. दोन राज्यांची फौज उभी करायची म्हणजे काय खायचं काम आहे का! एकट्या डोंगरवाल्यांचे ऐंशी भालाईत झाले. छापखान्यातून आणलेली टाइपाच्या खिळ्यांची पोती होती ना, तीच वितळवतो. ज्या अक्षरांनी तीस वर्षं लोकांच्या पावत्या नि जाहिराती छापल्या, ती आता ढाली घेऊन उभी आहेत. नुसत्या खिळ्यांचं शिसं कडक असतं, भाला पटकन तुटतो. म्हणून जुन्या नळांचं मऊ शिसं मिसळावं लागतं. मग भाला तुटत नाही, पण वाकतो. ते वाकलेले भाले सरळ करावेत तर भिंगरीनेच. रेघेसारखा सरळ करते, पकडीचा ओरखडासुद्धा नाही. कसं करते ते आम्हा दोघांचं गुपित आहे. (रंगवलेल्यांचे गं, रंगवलेल्यांचे! लगेच कागद-पेन घेऊन बसू नकोस.)

मुलुखाची बातमी अशी, की डोंगरवाल्यांना राणी मिळाली. भिंगरीचीच कल्पना. राणी शूर आहे, पण लढाईला येत नाही, कारण तिचं पोट दुखतं. बेंबीपाशी पिळवटल्यासारखं. वैद्य येतात, काढे पाजतात, काही उपयोग नाही. किल्ल्याची विहीर बिघडली आहे म्हणे, त्यामुळे राणीच्या तोंडाला लोखंडासारखी चव येते आणि जिना चढताना पाय जड होतात. हे ऐकून मास्तर जे खूष झाले! म्हणाले, त्या काळात तलवारीने मेले त्याच्या दुप्पट पाण्याने मेले, आणि हे पोरीला कोणी न सांगता सुचलं. आम्ही लगेच नियम केला. दर फेरीला किल्ल्यासाठी फासा टाकायचा, एक पडला की एक शिपाई आजारी. गेल्या रविवारी चार गेले.

मोजणीत मात्र ती हल्ली चुकते. परवा फाशांवर सहा आणि तीन पडले, तर नऊ म्हणायला बोटं मोडत बसली. मी आपला गमतीने म्हटलं, "भिंगरी, गिरकी मंदावली का गं?" तर भोकाड पसरलं. शाळेच्या बाईंचीही चिठ्ठी आली होती, लक्ष नसतं म्हणून. आईची आठवण येत असणार, दुसरं काय. तू तिला एक मोठं पत्र लिही.

तुझा,
दादा


ता. ९ जून

धाकटीस,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. ना मायना, ना खुशाली. "पोट राणीचं दुखतंय की माझ्या मुलीचं?" हा काय प्रश्न झाला? जन्मदात्या बापानंतर ज्याने तुला शिकवलं त्याला असं विचारतात?

सुतावरून स्वर्ग गाठायची तुझी जुनी खोड आहे. म्हणे हिरड्या खिडकीपाशी नेऊन बघ, निळसर रेघ आहे का. म्हणे रक्त तपासून घे. अगं, तीस वर्षं मी शिशात काढली, मला काय धाड भरली? हिरड्या बघितल्या. काही नाही. झालं समाधान?

थोडी अशक्त झाली आहे, ते मी कुठे नाकारतोय. शाळेला चार दिवस दांडी झाली. ताकद येईल असं देतोय, दूध, अंडं, केळं. दूध कधी पोटात राहतं, कधी नाही.

मास्तर हल्ली येत नाहीत. दोन-तीन रविवारांपूर्वी खेळताना ती टेबलाखाली सतरंजीवर पडून होती आणि तिथूनच चाली सांगत होती. मास्तरांनी फूटपट्टी खाली ठेवली. म्हणाले, "पोरीला डॉक्टरकडे न्या, आजच न्या." मी म्हटलं, तुम्ही तुमच्या रिकिबी सांभाळा. तेव्हापासून मधल्या मुलुखात शांतता आहे. ती म्हणते, "मामा, आपण ती विहीर बुजवू या." मी म्हटलं, वेडाबाई, विहिरीशिवाय किल्ला कसा टिकेल? तर भिंतीकडे तोंड करून झोपली. भरदुपारी.

इतक्या लांबून संशय घेऊ नकोस. मी आहे.

दादा


ता. २१ जून

धाकटे,

तार मिळाली असेल. तारेत "लगेच ये" एवढंच मावलं. बाकीचं इथे लिहितो आहे, हॉस्पिटलच्या बाकावर बसून. शेवटपर्यंत वाच. मध्येच फाडू नकोस.

भिंगरी जिवंत आहे. पहिल्यांदा हे लिहायला हवं होतं.

मंगळवारी सकाळी तिच्या हातातून पेला पडला. मी ओरडलो. तिने माझ्याकडे बघितलं आणि मला "आई" म्हणाली. मग उलट्या सुरू झाल्या, थांबेनात. उचलून घेतली तर अंगात काही वजनच नव्हतं. रिक्षाने इथे आलो. डॉक्टर बाईंनी तिचा ओठ वर केला आणि मागे न बघता मला विचारलं, "घरात शिसं आहे का?"

रक्तात पुष्कळ सापडलं. आकडा सांगितला त्यांनी, तू आलीस की कागद दाखवतो, मला त्यातलं कळत नाही. पाच दिवस इंजेक्शनं, मग थांबून पुन्हा. म्हणाल्या, रक्तातलं निघेल, हाडात मुरलेलं सावकाश निघेल. अभ्यासाचं, आठवणीचं, पायांचं विचारलं. त्या म्हणाल्या, "ते आत्ता कोणीच सांगू शकत नाही." तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा हेच.

आता माझं ऐक.

कुलूप कधीच नव्हतं. मागच्या खोलीत ओल होती, गरम साच्यात थेंब पडला की शिसं उडतं, म्हणून मी शेगडी स्वयंपाकघरात आणली. तू गेलीस त्याच आठवड्यात. वारा लागला की साचा नीट भरत नाही, म्हणून खिडकी बंद. ती शेजारी पाटावर. मी ओतायचो, ती कानस मारायची, भुकटी फुंकायची, त्याच हाताने बिस्किट खायची. ज्या टेबलावर देश मांडला होता त्याच टेबलावर आम्ही जेवायचो. नदी तेवढी बाजूला सरकवायची.

आणि भाले. पकडीने सरळ केले की ओरखडे पडतात. दातात हलकेच धरून ओढला की साफ निघतो. ही युक्ती माझी. मीच तिला शिकवली. पहिला भाला सरळ केला तेव्हा शाबासकी दिली. दोन्ही फौजा मिळून एकशे साठ भाले होते, आणि लढाई झाली की पुन्हा वाकायचे.

मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. छापखान्यात जेवणाआधी हात धुवायची सक्ती होती, न धुणाऱ्याला मालक घरी पाठवायचे. आमच्या ओतकाम करणाऱ्या म्हाताऱ्याचा पंजा शिशापायी मनगटातून खाली लोंबायचा, डबा उघडायला दुसरा माणूस लागायचा. वीस वर्षं त्याच्याशेजारी काम केलं मी. राणीचं पोट दुखतं असं ती म्हणाली, त्या दिवशी मला तो आठवला होता. तरी मी फासा टाकायचा नियम केला.

तुझं पत्र आलं तेव्हा तिला खिडकीपाशी नेलं. ओठ वर केला. रेघ होती. खालच्या दातांच्या कडेने, पेन्सिलीने ओढल्यासारखी. मी ओठ सोडून दिला आणि आत येऊन तुला लिहिलं, काही नाही.

का, ते विचारशीलच. तू येशील आणि तिला घेऊन जाशील, म्हणून. छापखाना सुटल्यावर माझ्याशी दिवसभर बोलणारं कोणी नव्हतं गं. सकाळी उठून ती विचारायची, आज आपल्या मुलुखात काय होणार? पन्नाशी उलटलेल्या माणसाला कोण असं विचारतं? मला वाटलं, आणखी एक आठवडा. शिसं उद्या बंद करू, दूध वाढवू, तुला कळायच्या आत बरी होईल. पत्र लिहिलं त्या दिवसापासून इथे येईपर्यंत आठ दिवस गेले. डॉक्टर बाई म्हणाल्या, आठ दिवस फार होतात.

मास्तर रोज तिच्यापाशी येऊन बसतात. घरची चावी त्यांच्याकडे दिली आहे. टेबल, साचे, फौजा, सगळं ते बाहेर काढताहेत, हातमोजे घालून. मी घरी गेलेलो नाही.

एक शेवटचं राहिलं. ते लिहायला दोन दिवस लागले.

परवा शुद्ध नीट आल्यावर डॉक्टर बाईंनी तिला विचारलं, "बाळा, शिसं तोंडात घालायला कोणी सांगितलं?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोणी नाही. मामा नको म्हणायचा. मी चोरून घालायचे." सहा आणि तीन नऊ म्हणता न येणाऱ्या पोरीने हे एका दमात सांगितलं, एक अक्षर न चुकता. डॉक्टर बाई तिला रागावल्या. जरा जोरातच रागावल्या. तिने मान खाली घातली आणि ऐकून घेतलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. गप्प उभा होतो, धाकटे. बाई खोलीबाहेर जाईपर्यंत गप्प होतो.

तू आलीस की ती तुलाही हेच सांगेल. शपथ घालून सांगेल. तिचं ऐकू नकोस.

दादा