मीटरचा काटा

२४ फेब्रुवारी १९८६, सोमवार
काटा मेला! सकाळी ट्रॅक्टर चालू केला, रेस वाढवली, पण काटा शून्यावरून हलेना. काचेवर टिचकी मारली. पुन्हा मारली. काही नाही.

ताडकळसच्या मिस्त्रीनं उघडून बघितलं. आतली तार तुटली म्हणाला, परभणीहून आणावी लागेल. मालकांना सांगितलं. दिनकरराव ओट्यावर पान लावत बसले होते. म्हणाले, “गाडी चालायली ना? मग काट्याचं काय लोणचं घालायचंय?”

आठ दिवसांवर ज्वारीची मळणी!

२५ फेब्रुवारी
कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथं लिहितो. मला ऐकू येईना झालंय.

अठरा वर्षं ट्रॅक्टरवर गेली. सायलेन्सर कानाशी. उजवा कान दोन वर्षांपूर्वी गेला. डावा दिवाळीपासून जायला लागलाय. समोर उभं राहून बोललं तर ओठांवरून कळतं. पाठीमागून बोललं तर काहीच नाही. इंजिनची नुसती थरथर कळते.

इंजिन मिनिटाला किती फिरतं ते हा काटा दाखवतो. मळणीयंत्रात कणसांचा मोठा घास गेला की इंजिन दबतं, आवाज जड होतो, बाकीच्या ड्रायव्हरांना तो ऐकू येतो. मला काटा उतरलेला दिसतो. लगेच रेस वाढवतो. लोक म्हणतात, नागनाथला इंजिनचं मन कळतं!

चांगला ड्रायव्हर काट्याकडं बघत नाही, कानानं चालवतो — हे मीच नव्या पोरांना सांगत आलोय.

डॉक्टरकडं जायची छाती नाही. कागदावर आलं की लायसन गेलं.

२८ फेब्रुवारी
पुन्हा मागितलं, तार आणा म्हणून. ओट्यावर चार माणसं बसलेली. मालक म्हणाले, “अठरा वर्षं झाले अन् अजून काटा लागायला तुला? कान काय गहाण टाकलेस?” सगळे हसले. मीही हसलो. पुढं काहीतरी आणखी बोलले, ते कळलं नाही. मान हलवली.

१ मार्च
दिवसभर एकटाच यंत्राला ग्रीस मारत बसलो.

३ मार्च
मळणी लागली. ट्रॅक्टर इकडं, यंत्र तिकडं, मधे लांब पट्टा. यंत्राच्या तोंडाशी सरजाबाई — कणसं तीच ढकलते, तिचा हात बसलाय. तिचा नवरा भुजंग खाली धान्याची पोती भरतो. माझा डावा पंजा सगळा वेळ मडगार्डवर. थरथर वाढली, कमी झाली, त्यावर अंदाज. दुपारपर्यंत दाणे फुटून यायला लागले. रेस जास्त झाली होती. कमी केली तर कणसं अर्धवट. मालक येऊन ओरडले. ओरडलेच असणार, तोंड तसं होतं.

घरी आलो तर हात कोपरापर्यंत बधिर. बायकोनं, कासाबाईनं, तेल लावलं. ती हल्ली माझ्यासमोर बसूनच बोलते.

५ मार्च
जमायलंय. काट्याशिवाय जमायलंय!

६ मार्च
आज लिहवत नाही.

७ मार्च
सरजाबाईचा उजवा हात गेला. मनगटापासून.

काल दुपारचे चार वाजले असतील. मी मडगार्डवर पंजा ठेवून समोरच्या बाभळीकडं बघत होतो. थरथर सारखी होती. एकदम भुजंग पोतं टाकून माझ्याकडं धावत आला. तोंड उघडं, डोळे फाटलेले. मला वाटलं, पट्टा उतरला. तो चढून माझ्या अंगावरून इंजिन बंद करायच्या बटणाकडं झेपावला, तेव्हा मी वळून बघितलं. ती यंत्राच्या तोंडाशी वाकलेली. मी बटण ओढलं. पट्टा थांबता थांबत नव्हता.

मालकांच्या जीपमधून परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. भुजंग तिला मांडीवर घेऊन बसला. मी खळ्यातच राहिलो. बायका माझ्याकडं बघत होत्या आणि एकही काही बोलत नव्हती. नाही, बोलत असतीलही.

आज पोलीस ठाण्याचा जमादार आला. मालकच पुढं होऊन सांगत होते, बाई गप्पा मारत होती, हाताकडं ध्यान नव्हतं. मग जमादार माझ्याकडं वळला. “बाई ओरडली का?”

भुजंग मधेच पुढं येऊन म्हणाला, “वरडली की, साहेब! मी एवढ्या लांबून ऐकलं.”

“तू गप. तू नवरा हायेस. ड्रायव्हर सांगू दे.”

मी म्हणालो, “नाही ओरडली.”

त्यानं लिहून घेतलं. मी खाली सही केली.

१० मार्च
गावात एकच बोलणं — सरजाचं ध्यान नव्हतं. कासाबाई पाण्यावरून हेच ऐकून आली. मी मनाला सांगतो, काटा असता तर मला दिसलं असतं. काटा उतरला असता, मी वळलो असतो. तार आणली असती तर! चार वेळा मागितली होती.

दोन वेळा मागितली होती.

११ मार्च
मालकांनी आज तार आणून बसवली. काल परभणीला पोलिसांच्या मोठ्या साहेबाकडं गेले होते, तिथूनच आणली.

१२ मार्च
राहिलेली मळणी मीच करायची असं ठरलंय. सकाळी लवकर खळ्यात गेलो, कुणी यायच्या आधी. ट्रॅक्टर चालू केला, काटा मळणीला लागते त्या हिरव्या रेघेवर आणला. मग बाभळीचं एक दांडकं घेतलं, मनगटाएवढं जाड, ओलं. लांब धरून यंत्राच्या तोंडात घातलं आणि मान वळवून काट्याकडं बघत राहिलो; डोळे अजून शाबूत आहेत, लांबूनही दिसतो. दांडकं हिसका देऊन हातातून आत गेलं.

काटा हलला नाही.

दुसरं घातलं. तसूभरही नाही. एवढ्याशानं इंजिन दबत नाही.

ट्रॅक्टर बंद करून भुशावर बसलो. उन्हं वर येईपर्यंत तिथंच होतो. म्हणजे काटा असता तरी मी बाभळीकडंच बघत बसलो असतो. तिथं कान पाहिजे होता. जे ओरडणं सगळ्या खळ्यानं ऐकलं, ते ऐकणारा माणूस पाहिजे होता.

१४ मार्च
परभणीला गेलो. वाटेत नामांतराचा मोर्चा लागला, एसटी तास दीड तास उभी. खिडकीतून माणसं जाताना बघितली. हात वर, तोंडं उघडी, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. मला काहीच ऐकू आलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्यानं कानांवर हात ठेवले होते.

सरजाबाई खाटेवर उठून बसली होती. भुजंग चहा आणायला गेला. मी उभाच. तिनं मला खाटेच्या समोरच्या बाजूला बोलावलं, उजेडात. मग सावकाश बोलली, एकेक शब्द दाखवून.

“तीनदा वरडले, नागनाथभाऊ.”

मी खाली बघायला लागलो. तिनं डाव्या हातानं माझी बाही ओढली, बघा म्हणून.

“तुमाला ऐकू येत न्हाई, हे आमाला समद्या बायांला ठाव हाय. दिवाळीपास्नं.”

“मग सांगितलं कामून न्हाई?”

“सांगितलं असतं तर तुमचं काम गेलं असतं की. आमी बायांनी ठरवलं होतं, काई झालं तर वरडायचं न्हाई, हात हलवून दावायचं. पर हातच आत होता. कशानं दावू?”

भुजंग चहा घेऊन आला. एक कप माझ्यापुढं धरला. मी तो घेतला. पिऊनही टाकला. कसा प्यालो कोण जाणे.

१५ मार्च
कासाबाईला सगळं सांगितलं. कान, काटा, सही, सगळं. ती म्हणाली, “कानाचं मला कवाचंच ठाव हाय. सहीचं न्हवतं.” बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग तोंड चुलीकडं करून काहीतरी बोलली. खांदे हलले म्हणून कळलं. काय म्हणालीस, विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं नाही.

१६ मार्च
मालकांना कानाचं अन् सहीचं सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, इकडंतिकडं बघितलं, मग तोंड माझ्या अगदी जवळ आणलं. “कागद झालाय आता. तू गपचिप गाडी चालव. मी कुणाला बोलणार न्हाई.” खांद्यावर थाप मारली.

चांगली नोकरी आहे. राहते माझ्याकडं, मी गप राहिलो तर.

१७ मार्च
झोप नाही.

१८ मार्च
ठाण्यात जाऊन आलो. बयान बदलायचंय म्हणालो. जमादारानं मान खाली घालून, कागद चाळत काहीतरी विचारलं. मी तसाच उभा. त्यानं पुन्हा विचारलं असावं, कारण मग तो चिडून वर बघायला लागला. मी म्हणालो, “साहेब, मला ऐकू येत नाही. बाई ओरडली होती.” किती मोठ्यानं बोललो माहीत नाही — बाहेरच्या झाडाखाली बसलेली माणसंसुद्धा दारात येऊन उभी राहिली.