दुसरी बॅटरी

३ मार्च

आले एकदाची! दोन बॅगा, हत्यारांची पेटी आणि मी. वर्कशॉप वाटलं होतं त्यापेक्षा मोठं निघालं. पुढे पत्र्याची उंच शेड, तीत तीन गाड्या आरामात उभ्या राहतात. मागे लाकूडकाम आणि जिना चढून वर गेलं की माझी खोली. इथे साध्या व्हॅन येतात आणि आत पलंग, ओटा, कपाटं लावून फिरती घरं होऊन बाहेर पडतात. त्यातली वीज आता माझ्याकडे. तीन वर्षं लोकांचे बिघडलेले इन्व्हर्टर उघडून कंटाळले होते, सुटले.

मालक मोजकं बोलतात. त्यांची बहीण गाद्या आणि पडदे शिवते. तिला सगळे आत्या म्हणतात, म्हणून मीही. तिने खोली झाडून ठेवली होती, वर गरम चहा. पंधरा दिवस काम बघू, मग कायम करू, असं मालक म्हणाले. मी मागचे दोर कापूनच आले आहे, खोलीसुद्धा सोडली. पण घाबरायचं काय कारण? काम येतं मला.

५ मार्च

पहिलं काम मालकांच्या स्वतःच्या व्हॅनचं. ते आणि त्यांची बायको तीत बसून लांब फिरायला जाणार आहेत. तिला दुसरी बॅटरी जोडायची. गाडी सुरू करायला एक असतेच, पण उभ्या गाडीत दिवे, पंखा, फ्रिज तिच्यावर चालवले तर सकाळी गाडी ढकलायची वेळ येते. म्हणून आतल्या संसाराला वेगळी, डीप सायकलची, तासन्‌तास थोडं थोडं देत राहणारी. मध्ये रिले. इंजिन चालू असलं की दोघी चार्ज होतात, बंद झालं की एकमेकींचा संबंध संपला. धाकटीने थोरलीच्या ताटातलं खायचं नाही!

अर्ध्या तारा आधीच ओढलेल्या आहेत. माझ्या आधी इथे जी होती तिने. तिला सगळे ताई म्हणतात. अकरा वर्षं होती. कुठे गेली विचारलं तर आत्या मशीनमध्ये दोरा ओवत बसली. मिळाली असेल कुठेतरी बरी नोकरी.

काम चांगलं आहे तिचं. म्हणजे खूपच चांगलं आहे. हे लिहायला हात उचलत नव्हता, पण रोजनिशीत खोटं कशाला?

७ मार्च

ताईपुराण ऐकून कान किटले. सुताराने मला ताईने जोडलेलं एक पॅनेल मुद्दाम आणून दाखवलं. एक गिऱ्हाईक आलं, मला बघून त्याचं तोंड पडलं, ताई नाहीत का म्हणालं. मालकांनी माझी तार हातात घेतली, चांगली आहे म्हणाले, आणि लगेच पुढे, ताई इथे एक जास्तीची पकड लावायची. जेवताना आत्या सांगत बसली की ताई डावखुरी होती आणि टेपचे वेढे उलटे घालायची. लाल टेप, दोनच वेढे, पण कधी सुटले नाहीत. टेपचंही कौतुक!

मला इथे अजून कोणी नावाने हाक मारलेली नाही. मी 'नवीन'. जळते का मी? हो, जळते. मोठी लागून गेलीय!

९ मार्च

बॅटरीची जागा बदलली. ताईने मागच्या बाकाखाली ठरवली होती, मी ड्रायव्हरच्या सीटमागे घेतली. तार आखूड लागते, हे खरं कारण. बाकीचं कारण मला माहीत आहे.

एक अडचण आहे. ही पाण्याची बॅटरी, चार्ज होताना वायू सोडते. म्हणून ती बंद पेटीत ठेवतात आणि पेटीपासून एक नळी खालच्या पत्र्यातल्या भोकातून बाहेर काढतात. ताईने भोक मागे पाडून ठेवलंय. माझ्या जागेखाली गाडीचा आडवा दांडा येतो, तिथे भोक पडत नाही. काढीन काहीतरी वाट. तिचं भोक मात्र वापरणार नाही. मेण लावून बुजवून टाकलं.

१० मार्च

सकाळी व्हॅन उघडली तर पेटीला नळी लावलेली! अख्ख्या गाडीतून मागे नेलेली, बाकाखाली, ताईच्या भोकात. मेण खरवडून काढून शेजारी नीट गोळा करून ठेवलेलं. टोकाला लाल टेपचे दोन वेढे.

आत्याचंच काम. सरळ विचारलं. तिने कानावर हात ठेवले, तिला बॅटरीतलं ओ की ठो कळत नाही म्हणाली. मग मालक असतील. तोंडावर बोलायचं सोडून मागून चुका काढायच्या, ही कुठली पद्धत? नळी ओढून काढली. भोक पुन्हा बुजवलं, या वेळी पत्र्याचा तुकडा स्क्रूने आवळून.

११ मार्च

पुन्हा. पत्रा काढलेला, चारही स्क्रू एका ओळीत ठेवलेले.

लाल टेपचं रीळ माझ्या हत्यारांच्या पेटीत टाकून कुलूप लावलं. व्हॅनची किल्ली मालकांकडून मागून घेतली. दुसरी किल्ली नाही म्हणाले. रात्रभर उशीखाली होती.

१२ मार्च

पुन्हा. पेटीचं कुलूप तसंच, रीळ आतच. पण नळीवर लाल टेप आहे.

नळी काढताना आज वेढे नीट बघितले. उलटे आहेत.

मी स्वतः करून बघितलं. उजव्या हाताने तसे येतच नाहीत.

१३ मार्च

मालकांना गाठलं आणि ताईचा पत्ता मागितला. म्हटलं, ती अजून इथे येते, माझ्या कामात हात घालते. मालक खाली बसले. मग सांगितलं.

ताई नोकरी सोडून गेली नाही. ती याच व्हॅनमध्ये गेली. बॅटरी चार्जला लावली होती, भोक पाडून झालं होतं, नळी उद्या लावते म्हणाली. वारा होता म्हणून दार ओढून आत तारा जोडत बसली. मालक बाहेरून बोलत होते. सडक्या अंड्यांचा वास येतोय म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, गेला वास. तो गेला नव्हता, त्या विषारी वायूने तिचं नाक गेलं होतं. मालक चहा घेऊन परत येईपर्यंत संपलं.

सांगताना ते रडले. मग मला विचारलं, नळी लावलीस ना?

मी हो म्हणाले.

हो का म्हणाले? कारण आत्ता नाही म्हटलं असतं तर मी, तिच्याहून कमी असलेली मी, तिचीच चूक पुन्हा करणारी ठरले असते. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. अकरा वर्षांत एकदा तरी चुकली! देवी नव्हती.

१४ मार्च

नळी लावलेली. नवे वेढे.

मेली तरी माझ्या कामात चूक काढते!

भीती वाटते, नाही असं नाही. सकाळी बॅटरीच्या पेटीच्या झाकणावर हात ठेवला तर ते एकाच जागी कोमट होतं, तळव्याएवढं. पण भीतीपेक्षा संताप जास्त. रविवारी चार वाजता मालक बायकोला घेऊन व्हॅन बघायला येणार आहेत, त्याच दिवशी ठरणार मी राहणार की जाणार. आणि बघायला काय मिळणार? ताईचं भोक, ताईची नळी. पुन्हा तिचंच नाव.

१५ मार्च

व्हॅनमध्ये उभी राहून मोठ्याने बोलले. म्हटलं, हे काम माझं आहे. तुझं झालं. चालती हो, पुन्हा या गाडीत पाय ठेवायचा नाही.

मागचा पडदा हलला. खिडकी बंद होती. मग बाकाची गादी, कोणी उठल्यावर वर येते तशी, हळूच वर आली.

तरी मी बाहेर पळाले नाही.

नळी कापून तुकडे बाहेर टाकले, भोकावर पुन्हा पत्रा आवळला. नवी वाट रविवारनंतर काढीन. एका दिवसाने काय होतंय?

१६ मार्च, सकाळ

नळी नाही!! भोक बुजलेलं, स्क्रू जागेवर. गेली. ऐकलं माझं.

सुट्टी आहे, शेडमध्ये कोणी नाही. चार्जर जोरावर टाकलाय. चारला सगळं एकदम लागलं पाहिजे.

दुपार

आत्याचे जाड पडदे ओढून घेतले, दार लावलं. उजेडात दिव्यांचं काही कळत नाही म्हणून. बटण दाबलं— सगळे लागले! ओट्यावरचा, पलंगावरचा, पायरीचाही. पंखा. फ्रिज. माझं काम. सगळं माझं.

वास येतोय थोडा. दहा मिनिटं बसते, दिवे मंद होतात का बघते, मग उघडते.

—

बाहेरून कोणीतरी पत्रा वाजवतंय. मालक? अजून तीनही वाजलेले नाहीत.

मालक नाहीत. हाक मारत नाही. नुसतं वाजवतंय, दारावर, मग खिडकीवर, मग जिथे भोक होतं तिथे खालून.

तीच.

आत येत नाही. मीच सांगितलं होतं ना, पाय ठेवायचा नाही. वाजव म्हणावं. एवढं सगळं लागलेलं बघवत नाही तुला—

—

वास गेला. बरं झालं.

—

नाही. गेला नाही. मालक म्हणाले होते— वास गेला म्हणजे—

दार दोन पावलांवर आहे. पाय उचलत नाहीत. ताई म्हणून हाक मारली. आवाज फुटला नाही. ती अजून वाजवते आहे. जोरात. ताई, ये ना आत, मी म्हणते ये—

दिवे छान लागलेत.

मालक चारला येतील. बघतील. मग दुसरी कोणी येईल. तिला दाखवतील हे. म्हणतील, तुझ्या आधी एक होती, काय काम होतं तिचं. कोणाचं नाव घेतील? ताईचं, की मा—